हिंवाळ्यांतील पेयांचा घरगुती मसाला

मार्गशीर्ष व पौष या दोन महिन्यांत रात्रीच्या विजेवर गहूं-हरभऱ्यास पाणी देऊन पहांटे घरीं आलेल्या मनुष्यास पहिली आठवण होते ती ऊन चहाची किंवा दुधाची. त्यांत चिमूटभर मसाला असला म्हणजे अंगांत ऊब येते, हें कोणासहि सांगावयास नको. परंतु हा मसाला येतो कोठून, हा प्रश्न आमच्या शेतकरी वर्गांत फारसा कोणी विचारीत नाहीं. ज्याच्या शेतांत आल्याचे गादीवाफे आहेत, ज्याच्या बांधावर गवती चहाचीं ठोंबें आहेत, ज्याच्या घरांत हळदीचें पोतें आहे, तोहि तालुक्याच्या बाजारांतून रंगीत डबींतला मसाला आणतो. त्या डबींतील मुख्य जिन्नस जी सुंठ, ती कदाचित् त्यानेंच पडत्या भावांत विकलेल्या आल्याची असेल. फरक इतकाच कीं, परत येतांना तिच्यांत काय काय मिसळलें हें त्यास कळावयास मार्ग नसतो. म्हणून घरची सुंठ कशी करावी, बाकीचे जिन्नस कसे पारखून घ्यावे व त्यांचें प्रमाण काय धरावें, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

आधीं हिशेब. ओलें आलें वाळलें म्हणजे त्याचें वजन सुमारें एक-पंचमांश राहतें. जात, जमीन व कंदांची पक्वता यांप्रमाणें शंभर किलो ओल्या आल्यापासून १६ पासून २५ किलोपर्यंत सुंठ उतरते. घरगुती कामास पांचास एक हें प्रमाण धरून चालावें. आतां समजा, ओल्या आल्यास किलोस २० रुपये मिळत आहेत. तर एक किलो सुंठींत १०० रुपयांचा नुसता मालच गेला. धुणें, सोलणें व आठ-दहा दिवसांची राखण यांची मजुरी निराळी. आल्यास ८० रुपये भाव असतां हाच माल ४०० रुपयांचा होतो. तेव्हां सुंठ करावी कीं ओलें आलें विकावें, हें दरवर्षीं एकदां कागदावर मांडून पाहावें. डोक्यांत ठेवलेला हिशेब नेहमीं आपल्या मनासारखाच निघतो. आमचें सारें आयुष्य दुसऱ्यांचे आकडे उतरून काढण्यांत गेलें, म्हणून हें धीटपणें सांगतों.

२०२३ सालीं आल्याचे भाव फार चढले. तें पाहून पुष्कळांनीं क्षेत्र वाढविलें, आणि पुढें भाव उतरतांच त्यांची तारांबळ उडाली. सातारा जिल्ह्यांतील व कन्नड-खुलताबादेकडील वाचकांस याहून अधिक सांगणें नको. अशा वर्षीं घरची सुंठ सगळें पीक वांचवील असें म्हणणें म्हणजे लोकांस फसविणें होय. दहा टन आलें कोणाच्याहि अंगणांत वाळत नाहीं. आम्ही येथें बोलतों तें घरच्या वर्षाच्या बेगमीपुरतें, लेकीबाळींच्या व आप्तेष्टांच्या भेटीपुरतें, आणि फार तर ओळखीच्या दहा-वीस घरांपुरतें. तेवढ्यास २५ किलो आलें पुष्कळ झालें.

सुंठीकरितां आलें पूर्ण पिकलेलें पाहिजे. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लावलेलें आलें सहा-सात महिन्यांत ओलें विकण्याजोगें होतें. परंतु सुंठीसाठीं तें आठ-नऊ महिने जमिनींत राहूं द्यावें व पाला पिवळा पडून वाळला म्हणजे काढावें. कोंवळ्या आल्यांत पाणी अधिक असल्यामुळें त्याची सुंठ सुरकुतलेली व हलकी होते. पिकलेल्या आल्यांत तंतु अधिक असतात, परंतु भुकटी चाळून घ्यावयाची असल्यामुळें त्यांचा कांहीं त्रास नाहीं. माहीम ही आपल्याकडील जुनी जात सुंठीस चांगली समजली जाते. रिओ-डी-जानिरोसारख्या रसाळ जाती ओल्या विक्रीसच बऱ्या. कंदकूज लागलेल्या वाफ्यांतील आलें मात्र या कामास घेऊं नये. डाग कापून उरलेला भाग वापरण्याची काटकसर येथें महागांत पडते, कारण एक नासका तुकडा शेजारच्या चार तुकड्यांस बुरशी लावतो.

काढलेलें आलें रात्रभर पाण्यांत बुडवून ठेवावें व सकाळीं गोणपाटावर चोळून माती काढून टाकावी. नंतर बांबूच्या कांबीस धार करून तिनें साल खरवडावी. लोखंडी सुरीनें आलें काळवंडतें व सालीबरोबर गरहि जातो. आल्याचें सुगंधी तेल सालीच्या लगत खालींच असतें, त्यामुळें साल जितकी पातळ निघेल तितकी सुंठ वासाची होते. हें काम घरांतील वृद्ध स्त्रियांच्या हातून जसें होतें तसें मजुराच्या हातून होत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. सोललेलें आलें पुन्हा धुऊन सबंध वाळत घालावें. हवा ढगाळ असेल तर पातळ काप करावे, म्हणजे पांच-सहा दिवसांत वाळतात. कापांतून थोडें तेल उडतें हें खरें, तथापि पौषांत आभाळ आलें असतां सबंध आल्याची राखण करीत बसण्यापेक्षां ही रीत निर्धोक.

बाजारांत कांहीं सुंठ पांढरीशुभ्र दिसते. ती चुन्याच्या निवळींत बुडवून वाळविलेली असते. चुन्यानें रूप येतें व कीड कमी लागते. परंतु घरच्या चहांत चुना कशास? घरची सुंठ मळकट पिवळी दिसते, आणि तोच तिचा खरा रंग होय.

वाळवण धुतलेल्या कापडावर किंवा स्वच्छ चटईवर घालावें. शेणानें सारवलेल्या खळ्यावर घालूं नये. सायंकाळीं सर्व गोळा करून घरांत घ्यावें, नाहींतर रात्रीचें दंव दिवसभराचें ऊन फुकट घालवितें. सबंध आल्यास आठ ते दहा दिवस कडक ऊन लागतें. वाळलेली सुंठ मोडतांना कटकन् आवाज करून तुटते. याहून खात्रीची परीक्षा म्हणजे तराजू. आठव्या दिवसापासून एकच ठराविक टोपली रोज वजन करून पाहावी व आकडा भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहावा. लागोपाठ दोन दिवस वजन तेंच भरलें म्हणजे काम झालें. चांगल्या वाळलेल्या सुंठींत पाण्याचा अंश शेंकडा दहा-अकराच असतो. याहून ओली सुंठ डब्यांत गेली कीं तिला बुरा येतो. कांहीं बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष तयार होतें. तें यकृतास अपायकारक असून उकळण्यानें नाहींसें होत नाहीं. बुरा आलेली सुंठ धुऊन, पुन्हा उन्हांत घालून वापरणाऱ्या सुगरणी आम्हीं पाहिल्या आहेत. त्यांच्या काटकसरीस नमस्कार करून ती सुंठ उकिरड्यावर टाकावी.

वाळल्यानें आल्याचा तिखटपणा उणा होत नाहीं. ताज्या आल्यांतील जिंजेरॉल नांवाचें द्रव्य वाळतांना कांहीं अंशीं शोगाओल नांवाच्या अधिक तिखट द्रव्यांत पालटतें. म्हणून ओल्या आल्याच्या अंदाजानें सुंठ कधींहि घालूं नये. दुधाच्या बाबतींत आणखी एक भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे. ताज्या आल्याच्या रसांत दूध फाडणारें एक द्रव्य असतें. ऊन दुधांत आलें किसून घातलें आणि दूध फाटलें, ही तक्रार घरोघर ऐकूं येते. सुंठींत तो गुण बहुतेक गेलेला असतो. दुधाच्या मसाल्यास सुंठच कां घालावयाची, याचें कारण हेंच. गुळाचें दूध करणारांनींहि गूळ भांडें उतरविल्यावर घालावा. चुलीवर उकळत्या दुधांत गूळ पडला तर तें नासण्याचा संभव असतो.

आतां विकतच्या जिनसांविषयीं. सर्व जिन्नस सबंध घ्यावे, दळलेला एकहि घेऊं नये. भुकटींत काय आहे हें डोळ्यांस दिसत नाहीं. हळदीच्या भुकटीस रंग यावा म्हणून शिशाचा विषारी पिवळा रंग मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. काळ्या मिऱ्यांत पपईचें वाळलेलें बीं मिसळतात. तें लांबट, सुरकुतलेलें व हिरवट-तपकिरी असून पाण्यांत तरंगतें. भरीव मिरें बुडतें. पोकळ मिरींहि तरंगतात, पण पोकळ मिरीं तरी कोणास हवीं आहेत? लवंगेचें तेल काढून घेऊन उरलेली लवंग पुन्हा बाजारांत येते. ती आकसलेली असते, नखानें दाबली असतां ओशट लागत नाहीं, आणि पाण्यांत टाकली असतां आडवी तरंगत राहते. चांगली लवंग बुडते किंवा पाण्यांत उभी राहते. वेलदोडे हिरवे, न फुटलेले व हातांस भरीव लागणारे घ्यावे. जायफळ जड असून त्यास किडीचें भोंक नसावें.

दालचिनीविषयीं थोडें अधिक सांगणें जरूर आहे. खरी दालचिनी कागदासारख्या पातळ सालींची, एकांत एक गुंडाळलेली असते व बोटांनीं सहज मोडते. त्या नांवाखालीं बाजारांत बहुधा मिळते ती जाड, कठीण व एकपदरी साल कॅशिया नांवाच्या झाडाची होय. तिचा वास उग्र असल्यानें पुष्कळांस तीच खरी वाटते. कॅशियांत कूमारिन नांवाचें द्रव्य बरेंच असतें व तें रोज मोठ्या प्रमाणांत पोटांत गेल्यास यकृतास त्रास होतो. एखाद्या चिमटीनें कांहीं बिघडत नाहीं. परंतु मसाला हा सबंध हिंवाळाभर, दिवसांतून दोनदां घेण्याचा जिन्नस आहे, म्हणून खरी साल मिळवावी हें बरें. ती मिळण्यास फार लांब जावयास नको. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें ‘कोंकण तेज’ ही दालचिनीची जात, तसेंच ‘कोंकण सुगंधा’ व ‘कोंकण स्वाद’ या जायफळाच्या जाती पुरविल्या आहेत. नारळी-पोफळीच्या बागांतून मिरवेलहि चढविलेले असतात. देशावरील सभासदानें सुंठ व हळद द्यावी, कोंकणांतील सभासदानें मिरीं, दालचिनी व जायफळ द्यावें, असा विनिमय आपसांत सुरू झाला तर दोघांचाहि माल खात्रीचा होईल. वेलदोडा मात्र केरळांतील इडुक्कीकडून किंवा कर्नाटकांतील कोडगूकडून येणारा, विकतच घेतला पाहिजे.

प्रमाण सांगतांना पुष्कळ लेखक ‘चवीपुरतें’ लिहून मोकळे होतात. तशानें एका घाण्याची चव दुसऱ्यास येत नाहीं. चहाच्या मसाल्यास आम्ही सुंठ १०० ग्रॅम, वेलदोडे सालीसकट ५० ग्रॅम, काळीं मिरीं २५ ग्रॅम, दालचिनी २० ग्रॅम, लवंग १० ग्रॅम व अर्धें जायफळ असें धरितों. हा सुमारें दोनशें ग्रॅम मसाला होतो. दोन कप चहास चहाच्या चमच्याचा चौथा भाग पुरे. तिखट ज्यांस सोसत नाहीं त्यांनीं मिरीं निम्मीं करून बडीशेप २५ ग्रॅम घालावी. जुन्या वह्यांतून प्रमाणें तोळ्यांत असतात. तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमांहून किंचित् अधिक, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे आजीची वही आजहि उपयोगीं पडते.

दुधाच्या मसाल्याचें धोरण निराळें. त्यांत सुंठ थोडी व सुका मेवा अधिक: बदाम १०० ग्रॅम, पिस्ते ५० ग्रॅम, वेलदोड्यांचे दाणे २० ग्रॅम, सुंठ १० ग्रॅम, एक लहान जायफळ व एक ग्रॅम केशर. बदाम-पिस्ते मंद विस्तवावर नुसते कोमट करून पूर्ण निवूं द्यावे व थोडे थोडे कुटावे. एकदम दळले तर तेल सुटून लगदा होतो. मेव्याच्या तेलामुळें हा मसाला महिन्याभरांत खवट होऊं लागतो, म्हणून तो हंगामाचा म्हणून साठवूंच नये. हळदीच्या दुधास हळद ५०, सुंठ २०, मिरीं १० व दालचिनी १० ग्रॅम हें प्रमाण चांगलें. हळद सांगलीकडची असो, वायगांवची असो वा घरची असो, ती हळकुंड आणून घरीं कुटलेली असावी. हळदींत मिरीं घालण्याची आपली जुनी चाल निरर्थक नव्हे. मिऱ्यांतील पायपेरीनमुळें हळदींतील कर्क्युमिन शरीरांत अधिक शोषिलें जातें, असें १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या बंगळूर येथील प्रयोगांत दिसून आलें.

गवती चहा भुकटींत घालूं नये, त्याचे तंतु घशाला लागतात. पात सावलींत वाळवून, बोटभर तुकडे करून निराळ्या पुड्यांत द्यावी.

कुटण्यापूर्वीं सर्व जिन्नस तासभर कडक उन्हांत ठेवावे. हवा दमट असेल तर तव्यावर हातास सोसेल इतकेच ऊन करावे. खमंग भाजण्याचा मोह आवरावा. तो कालवणाच्या मसाल्याचा विधि आहे, येथें त्यानें वास उडून जातो. विजेच्या यंत्रांत दळावयाचें झाल्यास थांबून थांबून फिरवावें, कारण भांडें तापलें कीं सुगंधी तेल वाफ होऊन जातें. स्वयंपाकघरभर सुटलेला घमघमाट हा मसाल्यांतून गेलेला माल आहे. सुंठ आधीं खलबत्त्यांत फोडावी, जायफळ किसून घ्यावें. चाळणींत उरलेला चोथा टाकूं नये. पाण्यांत उकळून त्याचा दोन वेळचा काढा होतो. भुकटी पूर्ण निवाल्यावर कोरड्या कांचेच्या बरणींत दाबून भरावी. ऊन भुकटी भरली तर झांकणाखालीं पाणी धरतें. बरणी चुलीजवळच्या फळीवर ठेवण्याची सर्वत्र चाल आहे. सोयीची आहे, पण उजेड व ऊब हे दोन्ही वासाचे शत्रु आहेत. दोन-तीन महिन्यांस पुरेल इतकाच मसाला एका वेळीं कुटावा.

भेटीविषयीं आमचें मत असें कीं, भेट लहान असावी. अर्धा किलो मसाला दिला म्हणजे औदार्य दिसतें खरें, परंतु शहरांतील चार माणसांच्या घरीं तो वर्षभर पडून राहतो व शेवटीं भुसा होतो. पन्नास ग्रॅमांची कांचेची बाटली, तिच्याबरोबर सबंध सुंठीचे पांच-सहा तुकडे व गवती चहाचा एक पुडा, इतकें संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर गेलें तर तें संपतेंहि आणि पुढल्या वर्षीं त्याची वाटहि पाहिली जाते. बाटलीवर चिठ्ठी अवश्य लावावी व तिच्यावर कुटल्याची तारीख, सर्व जिनसांचीं नांवें आणि किती कपांस किती घालावें हें लिहावें. जिनसांचीं नांवें लिहिणें हा शिष्टाचार नव्हे. सुका मेवा न सोसणारीं माणसें असतात, त्यांस ठाऊक असावयास पाहिजे.

याच कारणानें चार शब्द इशाऱ्याचे. हा मसाला औषध नव्हे. २०२० सालच्या साथींत आयुष मंत्रालयानें तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन व मिरीं एक भाग असा काढा सुचविला होता. लोकांनीं तो पेल्यावर पेले पिऊन छातींत जळजळ ओढवून घेतली. ज्यांस आम्लपित्त आहे त्यांनीं बेतानेंच घ्यावा. रक्त पातळ होण्याचीं औषधें चालू असलेल्यांनीं व गर्भवती स्त्रियांनीं डॉक्टरांस विचारून घ्यावा. जायफळ फार घातल्यानें झोंप चांगली लागते ही समजूत घातक आहे. एक-दोन चमचे जायफळाची पूड पोटांत गेल्यास भ्रम, ओकारी व छातींत धडधड होते. लहान मुलांच्या दुधांत तर हें मसाले घालण्याचें कारणच नाहीं.

भेटीवरून मागणी आली व कोणास विक्री करावीशी वाटली तर एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. खाण्याचा जिन्नस विकणारास, तो घरीं केलेला असला तरी, २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं नोंदणी करावी लागते. आणि दळलेला मसाला सुटा विकण्यास मनाई असून तो बंद पुड्यांतच विकला पाहिजे. ‘ओळखीच्या माणसास विकला, त्यास कायदा कशाला’ हें उत्तर कचेरींत चालत नाहीं. बचत गटाच्या स्त्रियांनीं प्रथम हें काम उरकून मग बाटल्यांची खरेदी करावी.

राहिली गोष्ट वेळेची. सुंठ तयार होते पौष-माघांत, आणि मसाल्याची गरज सुरू होते कोजागिरी व दिवाळीपासून. तेव्हां यंदाची सुंठ संक्रांतीच्या भेटीस थोडी वापरून बाकीची सबंधच, घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी. फाल्गुनांत एकदां व वैशाखांत एकदां तिला कडक ऊन द्यावें, पावसाळ्यांत डबा उघडूं नये, आणि नवरात्र आटोपतांच तुकडे निवडून, भोंकें पडलेले व भुगा सांडणारे बाजूस काढून, चांगल्यांची फोड करण्यास लागावें.